लाटण्याची चित्रं

मी आयुष्यात सगळ्यात जास्त वेळा काढलेली बाई म्हणजे लाटणंवाली बाई. स्वतःच्या बायकोचं चित्र मी एकदाही काढलं नाही, कारण समोर बसायला तिला कधी वेळ नव्हता आणि तसं तिने तोंडावर सांगितलं होतं. पण या बाईला मी वीस-बावीस दिवाळ्या काढत होतो. अंबाडा, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, पदर खोचलेला, एक हात कमरेवर आणि दुसऱ्या हातात लाटणं. समोर नवरा. त्याला टक्कल, टकलावर टेंगूळ, टेंगळावर फुलीसारखी चिकटवलेली पट्टी आणि भोवती चार चांदण्या. नवऱ्याचं तोंड म्हणजे दोन्ही टोकांना वर वळलेली एक रेघ. ती रेघ मी न बघता मारू शकत असे.

दिवसा मी एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होतो. व्यंगचित्रं हा रविवारचा उद्योग. श्रावण लागला की शनिवार पेठेतल्या एका संपादकांचा निरोप यायचा, "लाटण्याची आठ पाठवा." विनोद कोणता, विषय कोणता, काही सांगायचे नाहीत. आमची रीतच अशी होती की चित्र आधी आणि ओळ मागून. मी गठ्ठा नेऊन द्यायचो. दिवाळी अंकाच्या पानात जिथे जागा उरेल तिथे संपादक त्यातलं एक चित्र बसवायचे आणि खाली सुचेल ती ओळ टाकायचे. मूळ चित्र मला परत मिळायचं. तेच चित्र एका वर्षी पगारवाढ न मिळालेल्या नवऱ्याचं व्हायचं आणि चार वर्षांनी दुसऱ्या अंकात, साडीचा रंग चुकलेल्या नवऱ्याचं. कोणाच्याही लक्षात यायचं नाही. लाटणं दिसलं की लोक ओळ वाचायच्या आधीच हसायचे.

परत आलेली चित्रं ठेवायला माझ्याकडे पुठ्ठ्याच्या दोन फायली होत्या. एकीवर 'हास्य' लिहिलेलं, दुसरीवर 'कथा'. कारण त्याच अंकांसाठी मी कथांची चित्रंही काढत असे, आणि तिथे मार खाणारी बाई असायची. मोकळे केस, गुडघ्यात खुपसलेलं तोंड, भिंतीवर नवऱ्याची मोठी सावली, सावलीच्या हातात पट्टा. मार बाईला बसला की चित्र कथेच्या फायलीत जायचं, पुरुषाला बसला की हास्याच्या. हे मला कोणी शिकवलं नव्हतं. मीठ कुठल्या बरणीत आणि साखर कुठल्या, हे जसं घरात कळतं, तसं मला ते कळत होतं.

माझी बायको तेव्हा आठवड्यातून दोन दुपारी बायकांच्या एका मदत केंद्रात जायची. आलेल्या बाईचं ऐकून घ्यायचं, लिहून घ्यायचं, गरज पडली तर तिच्याबरोबर चौकीत जायचं, हे तिचं काम. माझ्या फायली ती कधी उघडत नसे. एकदा टेबलावर कथेचं चित्र वाळत पडलं होतं, ते तिने उचलून पाहिलं.

"ही कोण?"

"नवऱ्याचा मार खाणारी बाई."

"आमच्याकडे येते ती इस्त्रीची साडी नेसून, पोरांचे डबे भरून, दोन बस बदलून येते. आणि अर्धा तास हवापाण्यावर बोलते. अशी केस सोडून आलेली अजून एकही बघितली नाही मी."

"मग कशी काढू?"

"चेहरा काढा. तुम्हाला चेहऱ्याचा कंटाळा येतो, म्हणून तुम्ही त्या बिचारीचं तोंड गुडघ्यात घालता."

मी तिच्यावर चिडलो, कारण ते खरं होतं.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी कारखान्यात माझ्या ड्रॉइंग बोर्डाच्या जागी कॉम्प्युटर आला आणि मी स्वेच्छानिवृत्ती घेतली. 'स्वेच्छा' हा शब्द ज्याने तिथे घातला, तो माझ्याहून मोठा विनोदी माणूस असणार. मी घरी बसलो. त्याच सुमाराला आमच्या कोथरूडच्या सोसायटीत समोरच्या फ्लॅटमध्ये एक जोडपं राहायला आलं. दोघंही सॉफ्टवेअरमध्ये. पस्तिशीच्या आतबाहेर, पाच वर्षांची एक मुलगी. सकाळी दोघांच्या दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या बस कोपऱ्यावर यायच्या. दोन हजार साल उजाडताना जगभरचे कॉम्प्युटर बंद पडू नयेत म्हणून तेव्हा ही मंडळी राबत होती. मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण माझा बोर्ड ज्याने घेतला त्या यंत्रालाही कसलीतरी भीती आहे, हे ऐकून बरं वाटायचं.

तो रविवारी सकाळी माझ्याकडे येऊन बसू लागला. मला काका म्हणायचा, बायकोला काकू. त्याला चित्रांची मनापासून आवड होती. टाकाने मी रेघ मारायला लागलो की श्वास धरून बघायचा. "आमच्याकडे चुकलं की मागे जाता येतं," तो एकदा म्हणाला, "तुमच्याकडे शाईला मागे जाताच येत नाही ना?" बरोबर मुलगी असायची. तिला मी मांजरं काढून द्यायचो. त्याची बायकोही चांगली बोलायची. संक्रांतीला तिळगूळ द्यायला ती दोघं जोडीने आली होती. फोनचं बिल चुकीचं आलं तेव्हा त्या खात्याला तिनेच इंग्रजीत खरमरीत पत्र लिहून दिलं. मला ती आवडायची. हे मुद्दाम लिहितो आहे, कारण पुढचं वाचताना लोकांना ती लगेच नावडायला लागते, आणि मग सगळं सोपं होऊन बसतं.

दारं समोरासमोर, पण मागच्या बाजूला आमच्या दोन फ्लॅटमध्ये एकच भिंत. संध्याकाळी सातच्या बातम्यांच्या सुमारास तिकडून कधी कधी आवाज यायचा. तिचा चढलेला आवाज, मग काहीतरी आपटल्याचा, मग काहीच नाही. त्याचा आवाज कधीच येत नसे. मी बातम्यांचा आवाज वाढवायचो. रविवारी त्याच्या कपाळावर खोक दिसायची, नाहीतर बोटाला पट्टी. विचारलं की सांगायचा, "नवीन किचन केलंय ना काका, वरच्या कपाटाचं दार उघडं राहतं. लागतं."

मला ठाऊक होतं का? हा प्रश्न मला पुढे एका वकिलाने विचारला, पण त्याआधी मी स्वतःला पुष्कळदा विचारला होता. ठाऊक होतं. निदान अर्धं. बाईचा ओरडण्याचा आवाज, पुरुषाला टेंगूळ, ही सामग्री माझ्या हातात वीस वर्षं येत होती, आणि तिचं काय करायचं ते हाताला पाठ होतं.

त्या वर्षी मी लाटण्याची सात जुनी चित्रं दिली आणि आठवं नवीन काढलं. नवरा कपाळावर फुलीची पट्टी लावून शेजाऱ्याला सांगतोय. मागे ट्रॉल्यांचं नवं स्वयंपाकघर, वर उघडं कपाट, आणि कपाटाच्या आड लाटणं घेऊन बायको. आणि जे मी कधीच करत नसे ते केलं, खालची ओळ स्वतः लिहिली: 'काही नाही हो, कपाटाचं दार लागलं!' संपादकांनी फोन करून शाबासकी दिली. मी दोन दिवस खुशीत होतो.

आमच्या सोसायटीत पाडव्याला सकाळी गच्चीवर एकत्र फराळ असे, आणि माझी चित्रं मोठ्याने वाचून दाखवणं हा त्यातला ठरलेला कार्यक्रम. चेअरमन चष्मा लावून अंक हातात धरायचे, चित्राचं वर्णन करायचे, मग ओळ वाचायचे. कपाटाच्या चित्रावर आले आणि तळमजल्यावरच्या एक बाई ओरडल्या, "अहो, हे तर समोरच्यांचंच कपाट!" म्हणजे कपाटाची गोष्ट त्याने प्रत्येक मजल्यावर सांगितली होती. अख्खी गच्ची हसली. कोणीतरी त्याला म्हणालं, "हेल्मेट घ्या आता, घरात घालायला." कोणीतरी तिला म्हणालं, "वहिनी, आम्हाला वाटलं तुम्ही गरीब." ती हसली. तो तर सगळ्यांत जास्त वेळ हसला. हातात चकली होती, ती त्याने खाल्लीच नाही. माझ्याकडे बघून त्याने मानही डोलावली, छान जमलंय अशा अर्थाने.

त्या रविवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. बायकोने अंक मागून घेतला, चित्र पाहिलं, आणि मला म्हणाली, "तुम्ही त्याला चव्हाट्यावर मारलंत." मी म्हटलं, त्याला कुठे वाईट वाटलं, हसत होता. तिने पोळ्या केल्या, वाढल्या, आणि स्वतः नंतर एकटी जेवली.

जानेवारीत एका दुपारी त्याने बेल वाजवली. कामाचा वार होता. पूर्ण बाह्यांचा शर्ट, बटणं मनगटापर्यंत लावलेली. बायको घरीच होती. "बस रे," ती म्हणाली आणि पाणी आणून दिलं. त्याने भांडं हातात धरलं आणि उजव्या हाताची बाही वर केली. कोपराच्या खाली इस्त्रीचं टोक उमटलेलं होतं. तिकोनी, कडा कोरून काढल्यासारख्या स्वच्छ. मी चाळीस वर्षं रेघा मारल्या, पण इतकी नेमकी आकृती मी पाहिली नव्हती, आणि ती बघवतही नव्हती.

"चौकीत गेलो होतो," तो म्हणाला. "तक्रार नव्हती करायची. नुसती नोंद हवी होती. उद्या काही झालं तर मुलीसाठी. हवालदारांनी नाव विचारलं, पत्ता विचारला, मग म्हणाले, लाटणं होतं का पोळपाट?"

बायकोने त्याच्या हातातलं भांडं काढून टेबलावर ठेवलं.

"मी त्यांना सांगणार होतो," तो पुढे म्हणाला, "की लाटणं आमच्याकडे कधीच नव्हतं. म्हणजे आहे, पण पोळ्यांना बाई येतात, त्याच वापरतात. आम्हा दोघांना ते कुठल्या खणात असतं तेसुद्धा ठाऊक नाही."

आणि तो हसला. त्या क्षणी मला माझी इतकी लाज वाटली की मी उठून खिडकीपाशी गेलो.

मग त्याने सगळं सांगितलं. ती नंतर रडते, स्वतःच मलम लावते, पुन्हा नाही म्हणते. आठ-दहा दिवस सगळं छान असतं. त्याने हात उगारला नाही, कारण आपण उगारला तर जग कोणाचं ऐकेल हे त्याला ठाऊक होतं. आता तो वेगळा होणार होता. त्याला एकच गोष्ट हवी होती, मुलगी. आईने तिला अजून हात लावला नव्हता, पण मागच्या महिन्यात ती दोघांच्या मध्ये येऊन उभी राहिली होती. वकिलांनी सांगितलं होतं की आवाज ऐकलेला, जखमा पाहिलेला साक्षीदार लागेल. "काका, तुम्ही याल का?"

मी बायकोकडे पाहिलं. ती लगेच हो म्हणेल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, "आम्ही विचार करून सांगतो." तो गेल्यावर आमचं भांडण झालं, अगदी पहिल्या प्रतीचं.

"त्याला मार बसलाय, एवढं दिसत नाही तुला?" मी म्हणालो.

"तुम्हाला कालपर्यंत दिसत नव्हतं, मला शिकवू नका," ती म्हणाली. "बाईला घरात मार बसतो हे लोकांना खरं वाटायलाच किती वर्षं गेली. अजूनही आम्ही चौकीत गेलो की पहिला प्रश्न असतो, हिने काय केलं होतं? आता हे एक प्रकरण दाखवून उद्या कोणी म्हणेल, बघा, बायकाही मारतात, दोन्हीकडून सारखंच असतं. आणि दारात उभी असलेली बाई परत पाठवेल. मला त्याची भीती वाटते."

"आणि याला काय विचारलं? पोळपाट का लाटणं. म्हणून याने परत जायचं?"

तिने टेबलावरचं त्याचं भांडं उचललं. मग म्हणाली, "नाही. मार बसलेल्याला पाणी देताना तू कोण हे विचारायचं नसतं. मला राग त्याचा नाही. दारातली ती बाई आणि हा, दोघंही तुमच्या फायलींत आहेत, आणि दोघांपैकी एकालाही तुम्ही नीट बघितलं नाहीत, याचा राग आहे." दुसऱ्या दिवशी तीच त्याला घेऊन डॉक्टरांकडे गेली आणि जखमेचा दाखला लिहून घेतला. तिच्या केंद्रातल्या दोघीतिघींनी तिच्याशी बोलणं कमी केलं. तिने त्याबद्दल तक्रार केली नाही, पण तिला ते लागलं होतं.

साक्षीच्या दिवशी मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. आवाजाचं सांगितलं, कपाळावरच्या खोकेचं, बोटाचं, हाताचं. सगळं सरळ सांगितलं आणि मला वाटलं, जमलं. मग त्याच्या बायकोचे वकील उठले. त्यांच्या हातात दिवाळी अंक होता. अंक उघडून त्यांनी पान माझ्यापुढे धरलं.

"हे चित्र आपलंच?"

"हो."

"खालची ओळ?"

एरवी मी म्हणू शकलो असतो की ओळ संपादकांची असते. "माझीच," मी म्हणालो.

"तेव्हा आपल्याला यांच्या घरातले आवाज ऐकू येत होते?"

"येत होते."

"आणि ते ऐकून आपण हे काढलंत. म्हणजे आपण ते गंभीर मानत होतात, की गमतीचं?"

मी काहीतरी पुटपुटलो.

"या चित्रातल्या नवऱ्याला त्रास होतोय, असं कुठे दिसतंय का? जरा दाखवाल?"

मी चित्राकडे पाहिलं. चांदण्या, पट्टी, आणि ती वर वळलेली रेघ. दाखवण्यासारखं त्यात काहीही नव्हतं. अंक टेबलावर गेला, तिथल्या कारकुनाने तो सरळ करून ठेवला, आणि ठेवता ठेवता त्याच्या ओठांना हसू आलं. त्याचा दोष नव्हता. मी ते चित्र त्यासाठीच काढलं होतं.

मुलीचा ताबा आईकडे गेला. वडिलांना दर रविवारी सकाळी दहा ते संध्याकाळी पाच. त्याच्या वकिलांनी मला समजावलं की मुलगी लहान आहे, ताबा बहुधा आईकडेच गेला असता, आपण मनाला लावून घेऊ नका. मी लावून घेतलं. अजूनही मला वाटतं की ते आठवं चित्र नसतं तर निदान माझ्या बोलण्याला वजन आलं असतं. त्याने मात्र मला कधी एका शब्दाने दोष दिला नाही. तो खडकीकडे भाड्याच्या खोलीत राहायला गेला.

पहिल्या रविवारी तो साडेनऊलाच आला. स्वतःच्याच घराच्या दारात दहा वाजेपर्यंत उभं राहायचं नाही म्हणून आमच्याकडे येऊन बसला. दहाला समोरचं दार उघडलं. मुलगी बाहेर आली, मागे तिची आई. आईने तिच्या पाठीवर दप्तर अडकवलं, केस सारखे केले, आणि आमच्याकडे न बघता दार लावून घेतलं. तिचे डोळे सुजलेले होते. मला तिचीही दया आली. तिला मदत मिळेल असं दार तेव्हा पुण्यात कुठे होतं, मला ठाऊक नाही. बायकोलाही नव्हतं.

मुलगी धावत आत आली. "आजोबा, मांजर काढा." ती आता सात वर्षांची झाली होती. टेबलावर जागा नव्हती, कारण त्या आठवड्यात मी 'हास्य'ची फाईल रद्दीत द्यायला काढली होती आणि सगळी लाटणी तिथे पसरलेली होती. मी आवरायच्या आत तिने एक चित्र उचललं. जुनंच कुठलंतरी. ती ते डोळ्यांजवळ धरून बघत राहिली. हसली नाही. इतक्या वर्षांत ते चित्र बघून न हसलेलं ते पहिलंच माणूस.

तिने नवऱ्याच्या तोंडावर बोट ठेवलं.

"यांना लागलंय ना?"

"हो," मी म्हणालो.

"मग हे हसतात का?"

तो दारात बसून बुटाची नाडी बांधत होता. त्याने मान वर केली आणि आम्हा दोघांकडे बघून हसला. मुलीने एकदा बापाकडे पाहिलं, एकदा कागदाकडे.

"बाबांसारखं," ती म्हणाली, आणि चित्र माझ्या हातात दिलं.